स्कॉटलंडमधले पूर्वज, आणि चर्चच्या वहीत न सापडणारं लग्न

शेवंती

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. इथे कुलवृत्तांत, मोडी कागद, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्या यांवर इतकी छान चर्चा होते, म्हणून वाटलं की परक्या मुलखातल्या एका शोधाची हकीकतही इथेच सांगावी.

मी ग्लासगोजवळ पेझलीला राहते. नवरा इथलाच. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. त्यांच्या आजीविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. तिचं लग्न झालंच नव्हतं, असं सगळे धरून चालले होते. सासरे हयात असताना त्यांनी एअरशर परगण्यातल्या तिच्या गावच्या चर्चचं दप्तर बघवून घेतलं होतं. त्यात नाव नव्हतं. मग कुणी पुन्हा विचारलं नाही.

माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम मी फोनवरून आणि मेलवरून करत होते, ते सासूबाई बघत असत. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका तू शोधून काढतेस, माझ्या आजीचं बघशील का?" मी हो म्हटलं. त्यानंतरचे चार महिने मी या विषयात बुडून होते.

सगळ्यात आधी मला कळलं ते असं, की स्कॉटलंडमध्ये लग्न कशाला म्हणायचं याची कायद्याची कल्पनाच इंग्लंडपेक्षा वेगळी होती. इथे लग्नाला भटजी लागत नसे. दोघांनी आत्ता, या क्षणी एकमेकांना नवरा-बायको मानतो असं म्हटलं की लग्न लागलं. त्याला म्हणत जाहीर केलेलं लग्न. दुसरा प्रकार, लग्नाचं वचन देऊन त्या वचनाच्या भरवशावर संबंध आला तर तेही लग्न. तिसरा, दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहतात आणि सगळी आळी त्यांना जोडपं समजते, तेही लग्न. या तिन्हींना 'अनियमित' म्हणत. अनियमित म्हणजे चर्चच्या रीतीबाहेरचं, पण कायद्याने पक्कं. पहिले दोन प्रकार १ जुलै १९४० रोजी बंद झाले. तिसरा तर २००६ पर्यंत चालू होता!

नियमित लग्नाची रीत अशी: वर आणि वधू दोघांच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार नावं पुकारायची, कुणाची हरकत नसेल तर पाळकाने लग्न लावायचं. याच पुकाऱ्याच्या नोंदी जुन्या पॅरिश वह्यांमध्ये असतात. सर्वांत जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. १८५४ अखेरपर्यंत या वह्या, आणि १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी. हे सगळं 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांच्या छायाचित्रांसकट बघता येतं. बहुतेक पानांना थोडे पैसे पडतात.

आमचं घोडं अडलं होतं ते चर्चच्या वहीत. मी उलट्या बाजूने गेले. सासूबाईंचे वडील १९१४ चे. त्यांचा जन्मदाखला काढला. स्कॉटिश जन्मदाखल्यात एक रकाना असतो, तो इंग्लंडच्या दाखल्यात नसतो: आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं. १८५५ मध्ये तो होता, १८५६ ते १८६० गाळला, १८६१ पासून परत आला. त्या रकान्यात लिहिलं होतं १९१२, ग्लासगो.

ग्लासगो! सगळे गावातच शोधत बसले होते.

मग लग्नाचा दाखला मिळाला. ठिकाण म्हणून ग्लासगोमधल्या एका वकिलाच्या कचेरीचा पत्ता. लग्न लावणाऱ्याच्या जागी पाळकाचं नाव नाही. त्याऐवजी दोन साक्षीदारांसमोर जाहीर केल्याचा उल्लेख, आणि खाली लॅनार्कशरच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाच्या, हुकमाचा शेरा. मी तो शेरा तीनदा वाचला. मग कायदा वाचला आणि उलगडा झाला. १९४० पूर्वी स्कॉटलंडमध्ये आपल्याकडच्या रजिस्टर लग्नासारखी सोयच नव्हती. ज्यांना चर्च नको, पुकारा नको, खर्च परवडत नाही, ते वकिलाकडे जाऊन दोन साक्षीदारांसमोर शब्द देत, मग तीन महिन्यांच्या आत शेरीफकडे अर्ज करत, आणि त्याच्या हुकमाने लग्नाची सरकारी नोंद होत असे. ग्लासगोमध्ये त्या काळी हे अगदी सर्रास चाले.

म्हणजे आजीचं लग्न झालं होतं, साक्षीदार होते, सरकारी वहीत सही होती. तो कागद एका सरकारी कपाटात शंभर वर्षं होता आणि घरात मात्र कुजबुज.

कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर विचारा. मला जेवढं उमगलं तेवढं सांगते.

कोकणवारा

शेवंतीताई, वाचताना अंगावर काटा आला. सासूबाईंना तो दाखला दाखवला तेव्हा त्या काय म्हणाल्या ते नक्की लिहा.

दोघांच्या शब्दावर लग्न, हे वाचून आपला गांधर्व विवाह आठवला. शकुंतलेची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. शब्द दिला होता, पण पुरावा हरवला. तिकडेही असे दुष्यंत निघत असतीलच की! आणि ते ग्रेटना ग्रीन, जिथे इंग्लंडमधून पळून गेलेली जोडपी लोहारासमोर लग्न करत, ते याच कायद्यामुळे का?

शेवंती

हो, याच कायद्यामुळे. इंग्लंडमध्ये १७५४ पासून नवा कायदा लागू झाला आणि २१ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय परवान्याने लग्न करणं अशक्य झालं. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. इथे तर मुलगा १४ चा आणि मुलगी १२ ची असली तरी चाले, आणि हे १९२९ पर्यंत तसंच होतं. मग सीमा ओलांडताच जे पहिलं गाव लागेल तिथे लग्न. ग्रेटना गाजलं, पण पूर्वेकडे लॅम्बर्टन टोल आणि कोल्डस्ट्रीमचा पूलही तसेच होते, आणि आयर्लंडहून बोटीने येणाऱ्यांना पोर्टपॅट्रिक जवळ पडे. लोहारच कशाला, जकात नाक्यावरचा माणूसही साक्षीला चाले, कारण लग्न तो लावतच नसे. लग्न ती दोघं लावत. तो फक्त ऐकणारा.

१८५७ च्या सुरुवातीपासून अट आली की दोघांपैकी एकाने तरी आधीचे २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं. तुमचे पूर्वज इंग्लंडमधले असतील आणि १८५७ पूर्वीचं लग्न तिथे सापडत नसेल, तर सीमेवरच्या वह्या जरूर बघा.

आणि दुष्यंतांबद्दल. १८०४ मध्ये एडिंबरामध्ये डॅलरिंपल नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने आणि जोहाना गॉर्डनने एकमेकांना नवरा-बायको मानल्याचा कागद गुपचूप लिहिला. पुढे त्याने इंग्लंडमध्ये दुसरीशी चर्चमध्ये रीतसर लग्न केलं. जोहाना तो कागद घेऊन लंडनच्या न्यायालयात उभी राहिली आणि १८११ मध्ये जिंकली. स्कॉटलंडच्या कायद्याने तीच बायको ठरली. अंगठी हरवली नाही तर काय होतं, ते इथे दिसतं.

मोडीवाचक

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक भर. हँडफास्टिंग नावाची एक प्रथा मी वाचली होती: जत्रेत मुलगा-मुलगी हात धरून एकत्र येत, वर्ष आणि एक दिवस राहून बघत, पटलं तर लग्न, नाही तर मोकळे. पूर्वज शोधताना अशी 'वर्षाची लग्नं' कुठल्या वहीत सापडतात?

दूरदेशी

मोडीवाचक, मी एडिंबरात राहतो आणि हाच समज घेऊन मीही सुरुवात केली होती. अशी वही सापडणार नाही, कारण वर्षभराच्या बोलीवरचं लग्न हा स्कॉट कायद्याने मान्य केलेला प्रकार नव्हताच. हँडफास्ट म्हणजे हातावर हात ठेवून दिलेलं वचन, आपला वाङ्‌निश्चय. धर्मसुधारणेच्या आधी आणि नंतरही काही काळ हा शब्द सरळ साखरपुड्यासाठी वापरत. पण वर शेवंतीताईंनी दुसरा प्रकार सांगितलाय ना, वचन आणि मग संबंध? त्यामुळे साखरपुडा होऊन दोघं एकत्र राहू लागली की ते लग्नच होई, मोडता न येणारं. वर्षाची मुदत ही नंतरची दंतकथा. १७७२ मध्ये पेनंट नावाच्या प्रवाशाने दक्षिण स्कॉटलंडमधल्या एस्कडेल खोऱ्यातल्या जत्रेची ऐकीव हकीकत लिहिली आणि पुढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने ती घरोघर नेली.

ते एस्कडेल खोरं आपल्याला अगदीच परकं नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम तिथल्याच बर्नफुटचे. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्यांच्या नावाची. मी तिथल्या लँगहोम गावाला गेलो होतो. गावामागच्या टेकडीवर त्यांचा उंच स्मारकस्तंभ आहे. तो बघताना वेण्णा तलावाकडचा बाजार आठवून मन भरून आलं.

वसईकर

आमच्या चर्चमध्ये अजूनही लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात. लहानपणी आम्ही कुणाचं नाव येतंय म्हणून कान टवकारून बसायचो. स्कॉटलंडच्या त्या वह्यांत नेमकं काय लिहिलेलं असतं? आईवडिलांची नावं असतात का?

शेवंती

वसईकर दादा, इथेच नवशिका फसतो. १८५५ पूर्वीच्या नोंदीत बहुतेक वेळा वर, वधू, त्यांचं गाव, एखाद्या वेळी वराचा धंदा आणि वधूच्या वडिलांचं नाव. बस. आणि लिहिलेली तारीख पुष्कळदा लग्नाची नसतेच, पुकाऱ्याची असते. वधूच्या आणि वराच्या दोन्ही चर्चच्या वह्या बघाव्या, कारण एकीत फक्त पुकारा आणि दुसरीत लग्नाची तारीख असं होतं.

सतराव्या शतकातल्या नोंदीत 'तारण ठेवलं' असा उल्लेख भेटतो. पुकाऱ्यासाठी नाव देताना जोडप्याने चर्चकडे पैसे ठेवायचे. मुदतीत लग्न झालं नाही, किंवा लग्नानंतर नऊ महिन्यांच्या आत मूल झालं, तर ती रक्कम गरिबांच्या पेटीत जायची. लग्नात दंगा होऊ नये म्हणूनही तारण घेत, कारण तिथे 'पेनी लग्नं' होत. आलेला प्रत्येक पाहुणा थोडे पैसे द्यायचा, त्यातून जेवण, दारू, वादक, आणि उरलं तर नव्या संसाराला हातभार. आपला आहेरच! चर्चला मात्र तो नाच-गोंधळ अजिबात खपत नसे.

अजून एक. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरीब माणसांनी नोंदी करणंच सोडलं. त्या वर्षांत नाव सापडलं नाही तर खचून जाऊ नका. १७३३ नंतर चर्चमधून बाहेर पडलेले पंथ निघाले, १८४३ मध्ये तर मोठी फूट पडून फ्री चर्च झालं. त्यांच्या वह्या वेगळ्या, कॅथलिकांच्या वेगळ्या.

१८५५ नंतर मात्र सोनं आहे. लग्नाच्या दाखल्यात दोघांच्या वडिलांची नावं आणि आयांची माहेरच्या आडनावासकट. मृत्यूच्या दाखल्यातही तसंच. एका कागदाने दोन पिढ्या मागे जाता येतं. लग्नाचं ठिकाण म्हणून घराचा पत्ता दिसला तर बिचकू नका, एकोणिसाव्या शतकात इथली बहुतेक लग्नं वधूच्या घरी किंवा पाळकाच्या घरीच लागत.

दूरदेशी

शेवंतीताई, किर्क सेशनच्या दप्तराचं लिहायला हवं. तो तर खजिना आहे.

दर पॅरिशमध्ये पाळक आणि वडीलधारे यांची एक पंचायत असे, तिला किर्क सेशन म्हणत. लग्नाआधी मूल, अनियमित लग्न, नवऱ्याने टाकणं, सगळं तिच्यापुढे यायचं. जोडप्याला बोलवायचे, दंड घ्यायचे, चर्चमध्ये सर्वांसमोर पश्चात्तापाच्या बाकावर बसवायचे. त्या माणसांवर काय गुदरलं असेल, हे पानापानावर जाणवतं. पण याच जाचामुळे त्यांची नावं आज आपल्याला मिळतात. जे लग्न पुकाऱ्याच्या वहीत नाही ते इथे असतं.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट बर्न्सचं, तेही एअरशरमधलंच. कवी बर्न्स आणि जीन आर्मर यांनी १७८६ मध्ये लग्नाचा कागद केला होता. जीनच्या वडिलांनी वकिलाकडून त्या कागदातली नावंच कापून टाकवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीनला जुळं झालं. शेवटी ५ ऑगस्ट १७८८ ला मॉखलिनच्या किर्क सेशनपुढे दोघांनी अनियमित लग्न कबूल केलं आणि बर्न्सने गरिबांसाठी एक गिनी दिली. स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीचं लग्न आपल्याला माहीत आहे ते या पंचायतीच्या वहीमुळे.

ही दप्तरं २०२१ पासून स्कॉटलंड्स पीपलवर फुकट बघता येतात. नावाची सूची मात्र नाही, पान पान वाचावं लागतं. जुनं अक्षर 'सेक्रेटरी हँड' वळणाचं, म्हणजे मोडीवाचकांसारख्यांचंच काम!

मोडीवाचक

हँडफास्टिंगबद्दल आभार, दूरदेशी. माझ्या टिपणात दुरुस्ती केली.

आज रात्री सोळाशे सालच्या आसपासची दोन पानं उघडून बसलो होतो. एच हे अक्षर ओळीच्या खाली शेपटासारखं उतरतं आणि सी चक्क आर वाटतो. मोडीत जसं आधी एका लेखकाचा हात ओळखून मग मजकुरात शिरतो, तसंच करावं लागेल. एका ओळखीच्या नावाची सगळी अक्षरं वेगळी काढली आणि त्यावरून पुढच्या चार ओळी लागल्या. फार आनंद झाला.

चित्रलेखा

मला बायकांच्या नावांविषयी विचारायचंय. आमच्या कुलवृत्तांतात पणजीचं सासरचं नाव आहे, माहेरचं आडनाव कंसात आहे, पण आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुठेच नाही. लग्नात बदललं आणि संपलं. स्कॉटलंडमध्ये हीच अडचण येते का?

शेवंती

चित्रलेखाताई, तुमच्या प्रश्नाने पोटात कालवलं. माझ्या माहेरच्या कामातही अशा सतरा बायका आहेत, ज्यांचं जन्मनाव कुणालाच माहीत नाही.

इथे ती अडचण जवळजवळ नाही. स्कॉट कायद्यात लग्नाने बाईचं माहेरचं आडनाव जात नसे. दस्तऐवजात 'आर्मर ऊर्फ बर्न्स' अशा धर्तीवर दोन्ही लिहीत, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई माहेरच्याच आडनावाने येते, आणि मृत्यूच्या सूचीत ती दोन्ही आडनावांखाली सापडते. थडग्यांवरही माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. गेलिक मुलखात 'मॅक' म्हणजे मुलगा, तसं मुलीसाठी 'निक' होतं. शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकापर्यंत बापाच्या नावापुढे मुलगा किंवा मुलगी लावून आडनाव करत, म्हणजे दर पिढीला वेगळं. आपलं मधलं नाव समजणाऱ्याला ते लगेच कळतं.

आणि नावं ठेवण्याची रीत तर हाती दिवा धरते. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा स्वतः बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. सगळ्यांनी पाळलं असं नाही, पण भावंडं क्रमाने मांडली की आजी-आजोबांची नावं समोर येतात. मग वहीत नेमकं कुणाला शोधायचं ते ठरतं.

नंदादीप

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं घर पुण्याचं. माझ्या आजीचे आजोबा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते आणि ते स्कॉटिश होते, एवढंच ऐकून आहे. १८८० च्या सुमाराला मुंबईत लग्न झालं म्हणतात. स्कॉटलंडमधलं गाव माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

दूरदेशी

नंदादीपताई, स्कॉटलंडपासून सुरुवात करू नका, मुंबईपासून करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या प्रती लंडनला पाठवत असत. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन ३' या खुणेखाली आहेत (बंगाल एन १, मद्रास एन २). 'फाइंड माय पास्ट' या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रं आहेत, आणि 'फिबिस' या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या संस्थेची शोधसूची फुकट आहे. १८८० च्या लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांचं नाव मिळायला हवं.

ते स्कॉटिश असल्याने फक्त अँग्लिकन चर्चमध्ये शोधू नका. फोर्टातलं सेंट अँड्र्यूज हे स्कॉट लोकांचं चर्च १८१९ चं. वडिलांचं नाव आणि ड्रायव्हरचं साधारण वय हाती आलं की स्कॉटलंडच्या १८५५ नंतरच्या जन्मसूचीत शिरता येईल. त्यांचा जन्म १८५५ पूर्वीचा निघाला तर धाकट्या भावंडांचा जन्मदाखला काढा, त्यात आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गाव असेल.

शेवंती

नंदादीपताई, नोंद मिळाली की इथेच टाका, आपण मिळून वाचू. आणि त्यांचा जन्म आईवडिलांच्या लग्नाआधीचा निघाला तर मनाला लावून घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये आईवडिलांनी नंतर लग्न केलं की आधीचं मूलही आपोआप औरस ठरे. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९२६ उजाडावं लागलं.

कोकणवारा, तुम्ही विचारलं होतं. सासूबाईंनी दाखला चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

एअरशरच्या त्या गावच्या दफनभूमीत मी आधी कधी गेले नव्हते. त्याही लहानपणानंतर गेल्या नव्हत्या, कुणी नेलंच नाही. थडगं भिंतीच्या कडेला होतं, शेवाळ धरलेलं. मी ओल्या फडक्याने हळूहळू पुसलं. आधी आजोबांचं नाव. त्याखाली आजीचं नाव, माहेरच्या आडनावासकट, आणि नावाच्या आधी दोन शब्द: 'यांची पत्नी'.

दगड १९५१ चा होता. सासूबाईंनी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं, मग मला फडकं पुन्हा भिजवून आणायला सांगितलं, आणि उरलेलं शेवाळ स्वतः काढत बसल्या.